सेनापतीला उद्या उठवू

१

त्या महिन्यात रोज दुपारी दोनला मी शिलाई मशीनवर चादर टाकायचे आणि काशीदादाच्या खोलीत जायचे. शकूवहिनीनं तोवर त्याला पेज भरवलेली असायची, तोंड पुसून कुशीवर वळवलेलं असायचं. मी खाटेशेजारी पाट मांडायचे, पुस्तक मांडीवर घ्यायचे आणि चार वाजेपर्यंत मोठ्यानं वाचायचे. गिऱ्हाइकांना सांगून ठेवलं होतं, दोन ते चार ब्लाउज मागायला यायचं नाही, आलात तर माप चुकवीन.

काशीराम माझा सख्खा थोरला भाऊ. मुंबईत बत्तीस वर्षं वॉचमनकी केली आणि कुडपणला परत येऊन घर धरलं. माघात माळ्यावरून पेंढा काढताना पडला. खाली आला तेव्हा शुद्धीवर होता म्हणे, पण उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. पठारावर डॉक्टर कुठला मिळायला? म्हणून महाडला, माझ्या घरी आणला. माझं घर चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत माझं मशीन आणि आतल्या खोलीत दादाची खाट. भिंतीवर अजून पुराची रेघ आहे, विजेच्या बटणांच्याही वर. तीन वेळा रंग दिला तरी ती वर येतेच.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना ऐकू येतंय. बोलत राहा. काही प्रतिसाद आला तर लगेच कळवा."

आता बोलण्यात मी कमी पडणारी बाई नाही. पण पडून राहिलेल्या माणसाशी एकटीनं किती बोलणार? तीन दिवसांत माझ्याकडच्या सगळ्या बातम्या संपल्या, चौथ्या दिवशी मी त्याला रागवायला लागले. साठीला टेकलेला माणूस माळ्यावर चढतो कशाला, आणि चढतो तर खालून शिडी धरायला बायकोला हाक मारायला काय झालं होतं? त्याच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं. मला माझीच लाज वाटली. त्या दिवशी मी ट्रंक उघडली आणि बाबांची पोथी काढली.

२

पोथी म्हणजे खरं तर कादंबरी. आठशे-नऊशे पानांची, जाडजूड, ऐतिहासिक. पहिली चार पानं कधीच नव्हती, त्यामुळे तिचं नाव काय आणि लिहिली कोणी, हे आम्हाला कधी कळलं नाही. आतल्या एका पानावर गिरणीच्या वाचनालयाचा शिक्का आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा कोणी महासेनापती स्कंदघोष आणि त्यानं राखलेला घाट, एवढा तिचा विषय. आम्ही तिला 'सेनापतीची पोथी' म्हणायचो.

ब्याऐंशी साली गिरण्यांचा संप झाला आणि आमचे बाबा, कोंडाजी, कुडपणला घरी येऊन बसले. पुस्तक परत द्यायचं राहिलं होतं, ते तसंच सोबत आलं. गावात श्रावणात पोथी लावायची रीत होतीच. त्या वर्षी बाबा म्हणाले, "रामाची दर साल ऐकतोच, या साली ह्याची ऐका." म्हाताऱ्यांनी थोडी कुरकुर केली. तिसऱ्या दिवशी तेच सगळ्यांच्या आधी येऊन बसले.

पडवीत पंधरा-वीस माणसं असायची. बाबा पाटावर, पुढ्यात पुस्तक, खाली लाल फडकं. पोथीची भाषा मोठी जडजंबाल. "महासेनापतींनी गजदलाच्या घंटांमध्ये तृण कोंबण्याची आज्ञा केली." एवढं वाचून बाबा थांबायचे आणि आपल्या बोलीत सांगायचे, "म्हंजे काय, तर हत्ती रातचं घाट चढनार. घंटा वाजली की दुस्मान जागा होनार. म्हनून घंटंत गवात भरला."

चांगूआजा लगेच विचारायचा, "गवात कसला रं कोंडाजी? भाताचा पेंढा का नाचनीचा?"

"नाचनीचा. भाताचा घातला तर हत्तीच खाऊन टाकंल!"

पडवी हसायची. हे पुस्तकात नव्हतं हे मला आता, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, वाचताना कळलं. अर्धा सेनापती बाबांनी मनानंच रचला होता. तो घाट आपलाच आणि ते पाण्याचं टाकं आपल्याच माथ्यावरचं, हेसुद्धा त्यांनीच ठरवून टाकलं होतं. आम्ही पोरं तर गावच्या रेड्यालाच सेनापतीचा हत्ती म्हणायचो. आई, प्रयागबाई, चुलीपाशी बसून ऐकायची आणि लढाई आली की भाकरी करपायची. तेवढं सुख आमच्या घरात पुन्हा कधी आलं नाही. खरंच नाही आलं.

पोथीला दोन नियम होते. एक, ऐकणाऱ्यांपैकी एकानं हूं द्यायचा. वाचणारा थांबला की 'हूं', म्हणजे ऐकतोय, पुढे वाचा. हूं तुटला की त्या दिवसापुरतं वाचन बंद आणि पोथी फडक्यात बांधायची. दुसरा नियम, कोणाला मूर्च्छेत ठेवून पोथी बांधायची नाही. लक्ष्मण पडला तर तो उठेपर्यंत वाचायचं, मग तिन्हीसांज होवो नाहीतर पाऊस येवो.

हूं द्यायचं काम काशीदादाकडे होतं. तो तेव्हा चौदा वर्षांचा, मी दहाची.

३

आता जे सांगते ते मी त्रेचाळीस वर्षं कोणाला सांगितलेलं नाही.

सेनापतीला बाण लागला तो दिवस. घाटमाथ्यावर एका कातळाच्या सावलीत त्याला निजवलेलं, डोळे मिटलेले, ओठ सुकलेले, आणि सेवक पाणी आणायला टाक्याकडे धावलाय. पडवीत कोणी हलत नव्हतं. बाबा थांबले. दादा हूं म्हणणार, एवढ्यात मी मागून त्याच्या तोंडावर हात दाबला. गंमत म्हणून. मला वाटलं तो हात झटकेल, चिमटा काढेल, बाबा ओरडतील, लोक हसतील.

दादानं हात झटकला नाही. त्याला हसू फुटलं होतं, ते मला तळव्याला कळत होतं.

बाबा वाट बघत राहिले. मान पुस्तकात होती, त्यामुळे माझा हात त्यांना दिसला नाही. मग त्यांनी मान वर केली, तोवर मी हात काढून घेतला होता. "काशा, हूं कुठं गेला रे तुझा?"

दादानं हसू दाबत मान खाली घातली.

"तुटला हूं," चांगूआजा म्हणाला. "पन ह्यो तर पडलेला हाय. आता काय करनार?"

दोन नियम असे एकमेकांवर आले होते. बाबा हसले. पानात लाल दोरा घातला, फडक्याला त्यांची ती दुहेरी वेढ्याची गाठ मारली आणि म्हणाले, "जाऊ दे. सेनापतीला उद्या उठवू. कुठं जातोय तो?"

संध्याकाळी मुंबईहून निरोप आला, की गिरणीत माणसं परत घेतायत. बाबा पहाटेच्या गाडीनं गेले. सव्वा महिन्यानं तार आली. ताप डोक्यात गेला म्हणे, सगळं तिकडेच उरकलं. पोथी पुन्हा कोणी उघडली नाही. आई मरेपर्यंत दादाला म्हणायची, "तुजा हूं तुटला नसता तर पोथी चालूच ऱ्हायली असती, तो दुसऱ्या दिशी थांबला असता रे." दादा खाली मान घालून ऐकून घ्यायचा. तिथे 'शर्मिलाचा हात होता' एवढं त्यानं एकदाही म्हटलं नाही, आणि मीही म्हटलं नाही. असं होता होता माणसाचं आयुष्य निघून जातं.

४

तर ती पोथी मी पहिल्या पानापासून वाचायला घेतली. पुरात ट्रंकेत पाणी गेलं होतं, तेव्हा मी ती आठ दिवस गच्चीवर वाळवली होती. फुगून पावासारखी झाली होती. लाल दोऱ्यापर्यंतची पानं सुटी होती, पण दोऱ्यापुढची सगळी गाळानं एकमेकांना चिकटून वीट झाली होती. मी म्हटलं, दोऱ्यापर्यंत तर जाऊ, पुढचं पुढे.

वाचनाच्या पाचव्या दिवशी दादानं हूं दिला.

मी वाक्य संपवून श्वास घेतला आणि खाटेवरून बारीक, घशातला "हूं" आला. मी चष्मा काढला. शकूवहिनी पदराला हात पुसत धावत आली. "वन्सं, ह्ये बोलले?" आम्ही दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडलो. मी शेजारणींना पेढे वाटले. मुंबईला दिशाला, दादाच्या मुलीला, फोन लावला, तर ती फोनवरच हुंदके द्यायला लागली.

त्या दिवसापासून रोज हूं यायला लागला. दोन ते चार. मात्र दादा माझ्याकडे बघायचा नाही. त्याची मान दाराकडे असायची, बाहेरच्या खोलीकडे. मी म्हटलं, मान वळत नसेल बिचाऱ्याची.

आणि हूं कधीकधी चुकीच्या ठिकाणी यायचा. मी वाक्याच्या मधेच असायचे आणि हा हूं म्हणायचा. मी थांबायचे तेव्हा गप्प. मेंदूला मार बसलाय, मी मनाशी म्हटलं, उशिरा पोचत असेल. टेलिव्हिजनवर नाही का चित्र आधी आणि आवाज मागून येत?

५

वीस मार्चला तळ्यावर माणूस मावत नव्हता. दरवर्षी असतंच ते. गावोगावच्या बसगाड्या, निळे झेंडे, गाणी, आमच्या गल्लीतसुद्धा चालायला जागा नाही. सकाळपासून मी आणि वहिनीनं पाण्याचे हंडे दारात भरून ठेवले होते. दुपारी दोनला सवयीनं पुस्तक उघडलं, पण लाउडस्पीकरमुळे माझा आवाज मलाच ऐकू येईना. मी पुस्तक मिटलं आणि नुसती बसून राहिले.

दादा म्हणाला, "हूं."

मी त्याच्याकडे बघितलं. त्याची नजर दाराकडे होती, चेहरा निवांत, कान देऊन ऐकणाऱ्या माणसाचा असतो तसा. थोड्या वेळानं पुन्हा, "हूं." बाहेर गाणं चालू होतं, म्हणजे गाण्याला देत असेल. पण गाणं संपलं, भाषण सुरू झालं, भाषण संपलं, टाळ्या झाल्या, आणि हा आपल्या ठेक्यानं देतच होता. चार वाजता थांबला आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम वाचलं नाही. गल्ली शांत होती. मी पाटावर बसून हूं मोजले, टाके मोजते तसे. आठ-दहा हूं जवळजवळ, मग एक लांब खंड. पुन्हा आठ-दहा, पुन्हा खंड. दोन तासांत असे सहा खंड पडले. डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले, "काकू, अशा पेशंटमध्ये आपोआप आवाज निघतात. काळजी करू नका." मी पण तेच धरून बसले. मी शिवणकाम करणारी बाई, डोळ्यांना दिसतो तेवढाच टाका मानते.

पण तो लांब खंड मला ओळखीचा वाटत होता. रात्री भाकऱ्या थापताना एकदम आठवलं. बाबा पान उलटण्याआधी बोट जिभेला लावायचे, घसा साफ करायचे, पान उलटायचे, त्यावर तळवा फिरवायचे. तेवढा वेळ लागायचा.

मी बाहेरच्या खोलीत जाऊन मशीनवरची पोथी उघडली. दोऱ्यापुढची वीट मी रोज बघत होते असं मला वाटत होतं, पण माणूस बघतो कुठे? निम्म्याहून जास्त पानं सुटी झाली होती. सुरीनं नव्हे, पाण्यानं नव्हे. सुबक, एकेक. शेवटच्या सुट्या पानाचा खालचा कोपरा ओला होता. बोटाएवढा.

६

मी कोणाला सांगणार? शकूवहिनी तर हूं ऐकून रोज देवाला हात जोडत होती.

त्याच आठवड्यात मुरारीकाका दादाला बघायला कुडपणहून आले. पंच्याऐंशीला आलेत. त्या पडवीतले एवढेच उरलेत. दुपारची वेळ होती. दादाशेजारी बसून त्याचा पाय चेपत ते गावच्या गोष्टी सांगत होते. दोन वाजले आणि दादानं हूं द्यायला सुरुवात केली.

काकांना आधी वाटलं, आपल्यालाच देतोय. "काय रे काशा, वळखलंस?" मग त्यांनी पाय चेपणं थांबवलं. मान तिरकी करून ऐकत राहिले. लांब खंड आला तेव्हा त्यांनी, आपल्याला कळायच्या आत, स्वतःच्या मांडीवर तळवा फिरवला.

"ह्यो ठेका कोंडाजीचा हाय गो, शर्मे."

"काका, उगाच काहीतरी बोलू नका."

"उगाच कशाला? आख्खा श्रावण ऐकलाय मी. पोथी कुठं हाय?"

मी दाखवली. त्यांनी हात लावला नाही, लांबूनच बघितली. राहिलेल्या विटेवर मी शिलाईची टेप धरली. करंगळीएवढी जाड होती.

"संपली की काय होणार?" मी विचारलं.

"समाप्ती झाली की ऐकनारानं जाग्यावरून उठायचं असतं. रीतच हाय." ते धोतर सावरत उठले.

"उठायचं म्हणजे बरं होऊन उठायचं, की...?"

"त्ये मला काय म्हाईत? कोंडाजी उद्या म्हनाला व्हता. मानूस शबुद पाळतो, एवढंच मला म्हाईत." चहा उकळत होता तो न घेताच काका निघाले. जाताना मशीनपाशी थांबून त्यांनी कोणालातरी वाट द्यावी तसं अंग चोरलं, आणि मगच दार ओलांडलं.

७

मी रोज टेप धरायला लागले. सुटलेली पानं चाळून बघायचे; त्यांत नुसत्या मागच्या लढाया, सेनापती अजून कातळापाशीच पडलेला. सहा पानं कमी, पुन्हा सहा पानं कमी. पोथी कुलपात ठेवून पाहिली, तरी पानं सुटायची ती सुटायचीच. दादाचा चेहरा दिवसेंदिवस उजळत होता आणि श्वास बारीक होत होता. डॉक्टर आले, छाती तपासली, आणि मला बाहेर नेऊन म्हणाले, दिशाला बोलावून घ्या.

खोटं कशाला बोलू? मला दादा हवा होता. पडलेला, मुका, कसाही. सेनापती उठो न उठो, माझं काय जातंय?

सहा पानं राहिली त्या दिवशी दोन वाजता मी खाटेच्या कडेला बसले आणि त्याच्या तोंडावर हात ठेवला. हलकेच, नाक मोकळं ठेवून. हूं घशातून वर आला तो मला तळव्याखाली कळला आणि तिथेच विरला. घर एकदम शांत झालं. बाहेरच्या खोलीत कोणी नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं. तरी तिथे कोणीतरी वाट बघत थांबलंय, हेही तेवढंच पक्कं कळत होतं. मी दाराकडे पाठ करून बसले होते. वळून बघायची छाती झाली नाही.

चार वाजता उठले. पोथी मी मशीनवर उघडी ठेवली होती. ती लाल फडक्यात बांधलेली होती. दुहेरी वेढा आणि टोक आत खोचलेलं. ती गाठ मला कधी जमली नाही, आईलाही जमायची नाही.

पान मात्र एकही सुटलं नव्हतं. म्हणजे माझी युक्ती चालली होती! दुसऱ्या दिवशीही मी तेच केलं, तिसऱ्याही दिवशी. दोन तास, हात तोंडावर. दादा धडपडला नाही. त्याचे डोळे नुसते माझ्याकडे बघत होते, आणि ओठ सुकून पांढरे पडत चालले होते. वहिनी चमच्यानं पाणी द्यायची ते कडेनं बाहेर यायचं. तिसऱ्या दिवशी त्याच्याकडे बघता बघता मला तो कातळ आठवला. मिटत चाललेले डोळे, सुकलेले ओठ, आणि पाणी आणायला गेलेला माणूस परत आलेलाच नाही.

दारात शकूवहिनी उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

"वन्सं, तोंड का दाबताय त्यांचं?"

मग माझा बांध फुटला. मी सगळं सांगितलं. आताचं आणि तेव्हाचं, माझा हात, बाबांचा 'उद्या', आईचे बोल. "दादा, मी होते रे. तुझा हूं मी तोडला. तू का सांगितलं नाहीस कोणाला?"

दादाचा डावा हात चादरीवरून सरकत आला आणि माझ्या मनगटाला लागला. तेव्हा चिमटा काढायचा राहिला होता ना, तो त्यानं आता काढला. अगदी हलका.

वहिनीनं खाटेशी येऊन दादाचे ओठ ओल्या बोटानं पुसले. मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "जानार असतील तर जाऊ द्या. पन असं अर्ध्यात नका ठेवू त्यान्ला. ऐकू द्या, वन्सं."

८

दुसऱ्या दिवशी सकाळी दिशा आली. तिनं वडिलांना अंघोळ घातली, दाढी केली. मी फडक्याची गाठ सोडली, पोथी मशीनवर नीट ठेवली आणि समोर पाट मांडला. पाण्याचा तांब्याही ठेवला. दोन तास वाचायचं म्हणजे घसा सुकतो.

दोन वाजता मी खाटेच्या कडेला बसले, दादाचा हात हातात घेऊन. वहिनी पायाशी होती, दिशा उशाशी. मी हात त्याच्या तोंडाकडे नेला नाही.

"हूं," दादा म्हणाला.

त्याचा आवाज त्या दिवशी स्वच्छ होता. पडवीत यायचा तसाच. आठ-दहा हूं, मग लांब खंड. मी बोटांवर पानं मोजत होते. एक. दोन. मधे एकदा दादाच्या ओठाची डावी कड हलली. हसला तो. तिकडे बाबांनी काहीतरी मनानंच घातलं असणार, नाचणीच्या पेंढ्यासारखं. तीन. चार. खोलीत शेणानं सारवलेल्या पडवीचा वास आला असं मला वाटलं. वाटलं म्हणते, नक्की सांगत नाही.

पाच. एकच पान उरलं.

दादानं एक हूं दिला, दुसरा दिला. तिसरा फार हळू आला. मग त्याची बोटं माझ्या हातात सैल झाली. मान दाराकडेच होती, डोळे उघडे, ऐकत असल्यासारखे. दिशानं हाक मारली, "पप्पा?" वहिनीनं तोंडात पदर कोंबला.

पुढचा हूं आला नाही.

बाहेरच्या खोलीत कोणी काही वाचत नव्हतं. मला तरी काहीच ऐकू येत नव्हतं. पण वाट बघणं ऐकू येत होतं, त्या दिवशी पडवीत आलं होतं तसंच. अजून एक पान बाकी होतं आणि सेनापती कातळाच्या सावलीत पडलेला होता. आता हूं तुटला असता तर पुन्हा फडकं, पुन्हा गाठ, पुन्हा 'उद्या'.

मी दादाचे डोळे मिटले, त्याचा हात छातीवर ठेवला, आणि दाराकडे बघून, मोठ्यानं, माझ्या आवाजात म्हटलं,

"हूं."

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग कोणीतरी घसा साफ केला. तांब्यातलं पाणी हललं. आणि पान उलटलं.